वधूवर मंडळाची साइट : दुरुस्तीच्या नोंदी

३ डिसेंबर २०२५
साताऱ्याच्या एका वधूवर सूचक मंडळाचं काम घेतलं. मंडळ जुनं, आधी लांबोळक्या वह्यांवर चालायचं. साइट २०११ ची. सचिव अण्णा माझ्या वडिलांचे मित्र, त्यामुळे पैशांचं बोलणं चहा येण्याआधीच संपलं. मागणी एवढीच : "नवीन कायदा आलाय म्हणे. ते प्रायव्हसीचं एक पान असतं ना, तेवढं टाकून दे."

पान आधीच होतं. तळाशी, बारीक अक्षरात, इंग्रजीत. वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात म्हटलंय की माल सात दिवसांत परत घेतला जाईल, मात्र बूट वापरलेले नसावेत. कुणीतरी चपलांच्या दुकानाचं धोरण उचलून वर मंडळाचं नाव चिकटवलं होतं. अण्णांना वाचून दाखवलं. आधी हसले, मग म्हणाले, "परत घ्यायची सोय असती तर बऱ्याच जणांनी वापरली असती."

पान शेवटी लिहायचं ठरलं. साइट खरंच काय करते ते आधी बघतो.

६ डिसेंबर
नोंदणीचा फॉर्म छापून टेबलावर पसरला. ५३ रकाने. कार्यालय एकट्या सांभाळणाऱ्या ताईंना घेऊन बसलो आणि प्रत्येक रकान्यापाशी एकच विचारलं : हे कुणाला लागतं, आणि कधी?

मामाचं कूळ, देवक : पहिल्याच फोनला विचारतात. शेती किती एकर : मुलीकडचे विचारतातच. रक्तगट : कुणालाच नाही. "फॉर्म भरगच्च दिसावा म्हणून असेल," ताई म्हणाल्या. वडिलांचा पॅन नंबर : का घेतो याचं उत्तर मंडळात कुणालाही माहीत नाही. घराचा पूर्ण पत्ता : गाव आणि तालुका पुरे. "व्यंग असल्यास" या रकान्यापाशी ताई थांबल्या. लपवलं तर पुढे भांडणं होतात, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको, असं त्यांचं म्हणणं. रकाना ऐच्छिक केला; दोन्हीकडून पसंती कळवल्यावरच दिसेल.

सगळ्यात जास्त वेळ जन्मवेळेवर गेला. नाव झाकून "स्थळ क्रमांक" लिहिलं की झाली गोपनीयता, असा मंडळाचा समज. लटान्या स्वीनी या अमेरिकन संशोधक बाईंनी २००० साली दाखवून दिलं होतं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथले ८७ टक्के लोक नेमके ओळखता येण्याजोगे असतात. आपण तर तारखेसोबत मिनिटापर्यंतची वेळ देतो, वर जन्मगावही. कोरेगाव तालुक्यात एखाद्या दिवशी पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी जन्मलेल्या मुली असून असून किती असणार? आता बाहेर फक्त वय आणि रास. तारीख-वेळ पत्रिका जुळवायची वेळ आली की.

५३ वरून ३१ वर आलो. दुपारची भाकरी ताईंच्या डब्यातली.

९ डिसेंबर
फॉर्मात दिलेली माहिती निदान लोकांना ठाऊक असते. न विचारता जाणारी वेगळीच. ब्राउझरमधला नेटवर्कचा तक्ता उघडून एका स्थळाचं पान लोड केलं. पान आपलं, पण हाका सहा ठिकाणी गेल्या : अक्षरांसाठी, नकाशासाठी, भेटी मोजणाऱ्या सेवेसाठी, दोन जाहिरातवाल्यांना आणि एका सोशल मीडिया कंपनीच्या पिक्सेलला (पानात दडवलेला, कोण काय बघतंय ते कंपनीला कळवणारा तुकडा). पिक्सेलच्या हाकेत पानाचा पत्ता आणि शीर्षक जातं. शीर्षकात स्थळाचं नाव, शिक्षण आणि गाव. म्हणजे घटस्फोटितांच्या विभागातली स्थळं रात्री कोण चाळतंय हे त्या कंपनीला कळत होतं, आणि मंडळाला मात्र पिक्सेल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पूर्वी कधीतरी मेळाव्याची जाहिरात करणाऱ्या पोरानं तो टाकला, मेळावा झाला, पिक्सेल राहिला.

काढला. नकाशा काढला, कार्यालयाचा पत्ता "एसटी स्टँडवरून चालत दहा मिनिटं" असा लिहिला. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. तो उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवला. फॉन्टसाठी एवढं कशाला, असं अण्णा म्हणाले. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं एका साइटच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती, ती गूगलकडून फॉन्ट मागवताना भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) परवानगीशिवाय तिकडे गेला म्हणून. आपल्याकडे जर्मनीतली मराठी स्थळं आहेत. अण्णा म्हणाले, "फॉन्ट आपल्याकडेच ठेव."

कुकी आता एकच राहिली, लॉगिन लक्षात ठेवण्यापुरती. त्यामुळे "कुकी स्वीकारा" असं ओरडणारी पट्टीही गेली. एवढं एक काम मनापासून आवडलं.

१३ डिसेंबर, रात्री ११
वाईट सापडलं.

स्थळ उघडलं की पत्त्याच्या पट्टीत शेवटी आकडा दिसतो. १२०४ होता, सहज १२०५ केला. पुढचं स्थळ आलं, मोबाइल नंबरासकट. मग लक्षात आलं की मी लॉगिनच केलेलं नाही. यादीच्या पानावर लॉगिनची तपासणी आहे, स्थळाच्या पानावर नाही. पुढचं दार बंद, परसदार सताड उघडं, तेही साइट झाल्यापासून.

चार ओळींचं काम होतं, केलं. स्थळाचे क्रमांकही सलग न ठेवता आडवेतिडवे, अंदाज न येणारे केले. पण खरा प्रश्न आधीचा. कोणतं पान कुणी कधी मागवलं याच्या नोंदी होस्टिंगवाला (साइटला सर्व्हर भाड्यानं देणारा) एकच महिना ठेवतो. त्या महिन्याच्या चाळल्या, तर २६ नोव्हेंबरच्या पहाटे एकाच आयपी पत्त्यावरून १, २, ३, ४ अशी ओळीनं सगळी पानं मागवलेली. माणूस असं वाचत नाही. कुणीतरी अख्खी यादी खरवडून नेली.

अण्णांना झोपेतून उठवलं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असं लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवावं लागतं. अण्णांचा पहिला शब्द, "बदनामी होईल रे." दुसरा, बऱ्याच वेळानं, "पाठव." दीड वाजता मेल गेला.

१४ डिसेंबर
फोटोंचंही तेच. फोटोंचा फोल्डर उघडा होता. स्वतःचा फोटो चढवून परत उतरवला. त्यात अक्षांश-रेखांश जसेच्या तसे. नकाशावर टाकले, तर टाचणी आमच्या गच्चीत, टाकीच्या बाजूला. आता फोटो चढताना ही माहिती झडते आणि जुने फोटोही एकदा धुऊन काढले.

१५ डिसेंबर
सभासदांना कळवायचं. एकगठ्ठा एसएमएस जात नाही, मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, त्यातही मंडळाचा नंबर ज्यानं सेव्ह केलाय त्यालाच पोचतं. शेवटी ईमेल, आणि ईमेल नसलेल्यांना फोन. ताई आणि दोन स्वयंसेवक सकाळी दहापासून बसले.

मजकूर अण्णांनी लिहिला होता : "काही तांत्रिक कारणास्तव." खोडला. काय दिसलं असेल (नाव, जन्मतारीख, फोटो, मोबाइल), काय दिसलं नाही (पासवर्ड, ओळखपत्र), आम्ही काय केलं, आणि अनोळखी माणूस स्थळाचं बोलून नोंदणीचे पैसे मागू लागला तर देऊ नका, आधी कार्यालयात विचारा. एवढंच.

१६ डिसेंबर
साडेअकराला फोन, ताईंनी स्पीकरवर टाकला. पुण्यात नोकरी करणारी मुलगी. "बाबांच्या मोबाइलवर तुमचा निरोप आलाय की माझी माहिती कुणीतरी पाहिली. माझी माहिती तुमच्याकडे आहे, हेच मला आत्ता कळतंय."

ताई गप्प. मीही. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. गेल्या वर्षी तिला दोन-तीन अनोळखी फोन आले होते, फोटोसुद्धा तिच्या चुलतबहिणीच्या लग्नातला. म्हणाली, काढून टाका.

काढायचं बटणच नाही. आणि काढणारी तीच कशावरून? नोंदीत नंबर वडिलांचा, ईमेल मामाचा. तिची ओळख पटवायची तर तिच्याकडून आणखी कागद मागायचे, म्हणजे माहिती काढा म्हणणाऱ्याकडून आणखी माहिती घ्यायची.

उभ्या उभ्या एक ठरवलं : कुणीही असं म्हणालं की स्थळ लगेच झाकायचं. झाकल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, उद्या उघडता येतं. पुसणं मात्र ओळख पटल्यावर. ओळखीला कार्यालयात येणं किंवा व्हिडिओ कॉल पुरे, कागद ठेवून घ्यायचा नाही.

साडेबाराला वडिलांचा फोन. "पोरगी रागात बोलली. काढू नका, मी सांगतो." ते अण्णांचे ओळखीचे निघाले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि फोनवर म्हणाले, "बघतो."

१८ डिसेंबर
पासवर्ड एमडीफाइव्ह या जुन्या, कच्च्या हॅशमध्ये (हॅश म्हणजे पासवर्डवरून बनवलेला, उलटा न फिरणारा सांकेतिक मजकूर), तोही मीठ न टाकता, म्हणजे प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळी भर न घालता. बहुतेकांचा पासवर्ड जन्मतारीख असल्यानं ते फोडायला संध्याकाळ पुरेल. सगळे जुने हॅश बीक्रिप्ट या मुद्दाम संथ, फोडायला अवघड हॅशमध्ये गुंडाळले. माणूस पुढच्या वेळी लॉगिन करील तेव्हा नव्यानं बनतील.

एक गंमत. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं, पुढचं सोडून देतं. देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. म्हणजे २४ चिन्हांत खेळ खलास. कुणी अभंगाची अख्खी ओळ पासवर्ड ठेवली तर अर्धीच कामाला येते. लांब पासवर्ड आधी दुसऱ्या हॅशमधून काढून मग आत पाठवायची सोय केली. मराठीत पासवर्ड ठेवणारा अजून एकही सापडलेला नाही, तरी केली.

२३ डिसेंबर
अण्णांसोबत कायदा. त्यांना "नवीन कायदा" म्हणजे नुकताच आलेला वाटत होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमावर राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ची. नियम नोव्हेंबर २०२५ चे. आणि आपल्याला लागू होणारा बराचसा भाग त्या नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. "मग वेळ आहे की," अण्णा म्हणाले. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड, हे सांगितल्यावर चष्मा काढून पुसला. मंडळाला कुणी २५० कोटी लावणार नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. पण आकड्यानं काम सोपं झालं, खोटं कशाला बोलू.

माहिती गोळा करणाऱ्याला कायदा फिड्युशिअरी म्हणतो. अण्णांनी अर्थ विचारला. म्हटलं, विश्वस्त. मंडळ ट्रस्ट असल्यामुळे ते तीस वर्षं विश्वस्त म्हणूनच सह्या करतात. "मग तसं सांग ना," म्हणाले.

अडचण अशी की जुने नियम उलट बाजूनं ओढतात. लग्नाच्या साइट्ससाठी केंद्र सरकारनं जून २०१६ मध्ये सूचना काढल्या होत्या : ओळखीचा पुरावा घ्या, तक्रारींसाठी अधिकारी नेमा. खोटी स्थळं बघता त्यात चूक काही नाही. तोडगा : ओळखपत्र बघायचं, "पाहिलं, अमुक तारखेला" अशी नोंद करायची, प्रत जपायची नाही. आधारच आणलं तर पहिले आठ आकडे झाकलेलं. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर "आधार नवीन", "आधार नवीन २" आणि "आधार फायनल" असे तीन फोल्डर सापडले. तक्रार अधिकारी : ताई. त्यांनी पगारवाढ मागितली, अण्णांनी विषय बदलला.

२ जानेवारी २०२६
पुण्याच्या मुलीची ओळख व्हिडिओ कॉलवर पटली. स्थळ पुसायचं की नाही यावर अण्णांशी तासभर. अण्णांचं म्हणणं एका वाक्यात : आपल्याकडे स्थळ आई-बापच घालतात, पोरं कशाला घालतील.

माझं म्हणणं वयाचं. या कायद्यात आई-वडिलांची संमती चालते ती १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. आणि लग्नाला मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ पूर्ण लागतो. म्हणजे आपल्या यादीत येऊ शकणाऱ्या एकाही माणसाच्या वतीनं आई-बाप नुसते आई-बाप म्हणून होकार देऊ शकत नाहीत. एकाही नाही. जुन्या संमतीवर काम पुढे चालू ठेवता येतं, नुसती सूचना दिली की झालं, अशी मुभा कायद्यात आहे. पण त्यासाठी जुनी संमती त्या माणसाची असायला हवी. आपल्याकडे आहे ती वडिलांची सही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताईच म्हणाल्या, "अण्णा, बघायला येतात तेव्हा मुलीला विचारतो ना आपण, होकार आहे का म्हणून? ते जरा आधी विचारायचं, एवढंच."

पुसलं. वडिलांना अण्णांनी स्वतः फोन केला. काय बोलले ते मला ऐकू येऊ नये म्हणून गॅलरीत गेले होते.

११ जानेवारी
नवीन नोंदणी : फॉर्म कुणीही भरो, बाबा, मामा, आत्या. पण ज्याचं स्थळ त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर दुवा जातो, तो भरलेली माहिती बघतो, हवी ती बदलतो, आणि "माझा होकार आहे" दाबतो. तोवर स्थळ दिसत नाही. मागे घ्यायचं बटण त्याच पानावर, तेवढंच मोठं. होकार द्यायला एक टिचकी आणि मागे घ्यायला कार्यालयात अर्ज, हे चालत नाही.

चाचणीत पहिला घोळ : एका मामांनी भाचीच्या नंबराच्या जागी स्वतःचाच दुसरा नंबर टाकला. यावर तांत्रिक उपाय नाही. ताई आठवड्याला काही नंबरांवर सहज फोन करतील, तेवढंच.

१९ जानेवारी
साइट घासूनपुसून झाली आणि आज ग्रुपवर मेळाव्याच्या सूचीची पीडीएफ आली. सगळी स्थळं, मोबाइल नंबरासकट. छापखान्याला पाठवलेली फाइल कुणीतरी पुढे ढकललेली. ती कुठवर पोचली असेल याचा विचारच करवत नाही.

यापुढे सूचीत नंबर नाही, फोटो नाही. स्थळ क्रमांक आणि कार्यालयाचा फोन. पालकांची नाराजी येणार. "सूची घ्यायची कशाला मग," एक काका म्हणालेच.

२७ जानेवारी
२०११ च्या नोंदी. त्यातल्या कित्येकांची पोरं आता शाळेत असतील आणि साइटवर ते अजून "अपेक्षा : सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष" म्हणत उभे आहेत. लग्न जमलं, काम झालं, माहिती ठेवायचं कारण संपलं. जमलेली आणि तीन वर्षांत लॉगिन न झालेली स्थळं पुसायची. अण्णांना वार्षिक अहवालासाठी जमलेल्या लग्नांचा आकडा हवा. आकडा ठेवला, नावं नाहीत.

बॅकअपमधून मात्र एकेक नाव वेचता येत नाही. बॅकअप कुलूपबंद केले आणि ३५ दिवसांनी आपोआप मरतील असं लावलं. पुसलेलं स्थळ पूर्ण जायला तेवढे दिवस लागतात, हेही पानावर लिहायचं. सर्व्हरच्या नोंदी उलट जास्त ठेवायच्या : सर्ट-इन १८० दिवस म्हणतं, नवे नियम किमान एक वर्ष. वर्षभर ठेवतोय. एक महिन्याच्याच नोंदी असल्यानं नोव्हेंबरच्या आधी काय झालं ते आता कधीच कळणार नाही.

५ फेब्रुवारी
शेवटी ते पान. पहिला मसुदा मी लिहिला, ताईंनी मोठ्यानं वाचला. "आपल्या वैयक्तिक माहितीचे संकलन विनिर्दिष्ट प्रयोजनार्थ करण्यात येते." दुसऱ्या ओळीला त्यांनी श्वास घेतला, तिसऱ्या ओळीला मला कागद परत दिला.

नवीन : "तुमची जन्मवेळ आम्ही पत्रिका जुळवण्यासाठी घेतो. तुम्ही दोघांनी पसंती कळवल्यावरच ती समोरच्याला दिसते. नको असेल तर रकाना रिकामा सोडा, नोंदणी अडत नाही." अशा ३१ ओळी, रकान्याला एक. बूट गेले.

२२ फेब्रुवारी
जुन्या सगळ्या स्थळांना होकाराचा दुवा पाठवून तीन आठवडे झाले. निम्म्याहून कमी जणांनी दाबला. बाकीची झाकली. यादी एकदम ओस दिसते. अण्णा रोज सकाळी उघडून बघतात आणि काही बोलत नाहीत.

दुपारी ते एका गोष्टीसाठी थांबले. कपाटातल्या जुन्या वह्या, त्यांना हा कायदा लागतो का? कागदावरची माहिती कागदावरच राहिली तर नाही; कॉम्प्युटरवर चढवली की लागतो. "म्हणजे वह्या सुटल्या," ते म्हणाले. कपाटाची किल्ली बाजूच्याच खिळ्याला लोंबत असते, आल्या-गेल्याच्या डोक्याला लागते. संध्याकाळी निघताना बघितलं तर खिळा रिकामा. ताईंनी पर्सची चेन ओढली आणि शटर खाली घेतलं.